विश्लेषण : तुरुंगातल्या चमच्यावर सोने कसे चढले? वेर्नर सीमेन्स आणि विद्युत विलेपनाची गोष्ट

नळाची चकचकीत तोटी, चांदीसारखे दिसणारे ताट, मुलाम्याचे दागिने या सर्वांत आतला धातू एक आणि वरचा दुसराच असतो. हा वरचा पातळ थर बहुधा विद्युत विलेपनाने, म्हणजेच इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवलेला असतो. सीमेन्स हे नाव आज वीजयंत्रांमुळे माहीत आहे. पण वेर्नर सीमेन्स यांची पहिली मोठी कमाई झाली ती मुलाम्यातून, आणि त्याची सुरुवात एका कोठडीत झाली होती.

वेर्नर सीमेन्स कोण होते?

जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या लेंथे गावात १३ डिसेंबर १८१६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील खंडाने शेती करत. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा बेताचा. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नसल्याने वेर्नर प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाले. लष्कराच्या बर्लिनमधील शाळेत त्यांना गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकायला मिळाले. १८३९ मध्ये आई गेली आणि काही महिन्यांतच, जानेवारी १८४० मध्ये वडीलही गेले. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार लेफ्टनंटच्या तुटपुंज्या पगारावर आला.

ते तुरुंगात का गेले?

दोन अधिकाऱ्यांमधील द्वंद्वयुद्धात ते एकाच्या बाजूने साक्षीदार-मदतनीस म्हणून उभे राहिले. द्वंद्वाला कायद्याने बंदी होती. त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १८४२ मध्ये माग्देबुर्गच्या किल्ल्यातील कोठडीत त्यांची रवानगी झाली. तोवर त्यांना मुलाम्याच्या प्रयोगांचा नाद लागलेला होता. विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर जमवून वस्तूची हुबेहूब प्रत काढण्याची रीत मोरित्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८३८ मध्ये शोधली होती. सोन्या-चांदीचे तसेच थर देता येतील का, हा सीमेन्स यांच्यापुढचा प्रश्न होता. ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून रसायने मागवून त्यांनी कोठडीतच छोटी प्रयोगशाळा थाटली.

चमच्यावर सोने कसे चढले?

त्यांनी जर्मन सिल्व्हरचा चहाचा चमचा घेतला. नावात चांदी असली तरी हा धातू तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण असतो. सोन्याचे संयुग विरघळवलेल्या द्रावणात चमचा बुडवून तो विद्युतघटाच्या जस्ताच्या, म्हणजे ऋण टोकाला जोडला. तांब्याच्या, म्हणजे धन टोकाला सोन्याचे नाणे जोडून तेही द्रावणात सोडले. काही मिनिटांत चमचा सोन्यासारखा झळकू लागला.

विद्युत विलेपनाचे तत्त्व आजही हेच आहे. धनाग्रावरील धातू इलेक्ट्रॉन गमावून द्रावणात उतरतो. द्रावणातील धातू ऋणाग्रावर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर इलेक्ट्रॉन मिळवून पुन्हा धातुरूपात बसतो. एकीकडे जेवढा धातू जमतो, साधारण तेवढाच दुसरीकडून विरघळत असल्याने द्रावण लवकर संपत नाही. थर किती जमेल याचा हिशेब मायकेल फॅरेडे यांनी १८३०च्या दशकातच मांडला होता : जितकी वीज वाहील, तितका धातू जमेल. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ४ ग्रॅम चांदी जमते, तांबे मात्र जेमतेम १.२ ग्रॅम.

द्रावणाला इतके महत्त्व का?

तांब्याची वस्तू चांदीच्या साध्या क्षारात नुसती बुडवली तरी तिच्यावर चांदी बसते, पण ती सैल असते आणि पुसली जाते. धातू द्रावणात घट्ट बांधलेला असेल आणि हळूहळू सुटत असेल, तर थर गुळगुळीत आणि चिवट होतो. त्यासाठी बर्मिंगहॅमचे उद्योजक एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये सायनाइडच्या द्रावणाचे पेटंट घेतले होते. सीमेन्स यांनी सोडिअम थायोसल्फेट वापरले. छायाचित्रकारांचा ‘हायपो’ तो हाच. त्याआधी सोन्याचा मुलामा पाऱ्यात सोने कालवून आणि पारा तापवून उडवून दिला जाई. त्या वाफांनी कारागिरांना विषबाधा होत असे.

पैसे कसे मिळाले?

ही रीत वापरण्याच्या हक्कासाठी माग्देबुर्गच्या एका सराफाने ४० सुवर्णनाणी मोजली. प्रशियाचे पेटंटही मिळाले. एवढ्यात राजाकडून माफी आली. प्रयोग अर्धवट राहू नयेत म्हणून आणखी काही दिवस कोठडीत राहू द्यावे, असा अर्ज सीमेन्स यांनी केला. अधिकाऱ्यांना तो कृतघ्नपणा वाटला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले.

१८४३ मध्ये धाकटा भाऊ विल्हेल्म हे तंत्र विकायला इंग्लंडला गेला. त्याचे वय वीसही नव्हते आणि इंग्रजी यथातथाच होते. लंडनमध्ये ‘अंडरटेकर’ अशी पाटी दिसताच, हे लोक आपले काम हाती घेतील असे समजून तो आत शिरला. ते अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांचे दुकान निघाले. अखेर तो एल्किंग्टन यांच्यापर्यंत पोहोचला आणि दीड हजार पौंडांना व्यवहार झाला. भावंडांची चिंता काही काळ मिटली.

मग याच पैशांतून कंपनी उभी राहिली का?

नाही. दोघा भावांनी नवनव्या कल्पनांच्या मागे लागून बराच पैसा घालवला. एकामागून एक शोध विकत हिंडण्यापेक्षा एकाच कामात खोल जावे, हा धडा वेर्नर यांनी त्यातून घेतला. त्यांनी तारायंत्र निवडले. १८४७ मध्ये यंत्रकारागीर हाल्स्के यांच्यासह बर्लिनमध्ये छोटा कारखाना निघाला. त्याचे भांडवल एका चुलतभावाने दिले. १८७० मध्ये लंडन ते कोलकाता ही सुमारे ११ हजार किलोमीटरची तारसेवा सुरू झाली, त्यातला तेहरानपर्यंतचा मार्ग सीमेन्स बंधूंनी उभारला होता.

मुलाम्याशी नाते तुटले का?

एका अर्थाने ते पुन्हा जुळले. विद्युतघटांची वीज महाग होती आणि मोठ्या कामाला पुरत नसे. १८६६ मध्ये सीमेन्स यांनी डायनामोचे तत्त्व सिद्ध केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये इतरांनाही ते स्वतंत्रपणे सुचले होते. यंत्र फिरवून मुबलक वीज मिळू लागली, तसे विलेपन आणि तांब्याचे शुद्धीकरण मोठ्या कारखान्यांच्या आवाक्यात आले. १८८८ मध्ये त्यांना सरदारकी मिळून नावापुढे ‘फॉन’ लागले. ६ डिसेंबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. विद्युतवाहकतेच्या एककाला आज ‘सीमेन्स’ म्हणतात. द्रावणातून वीज किती सहज वाहते, हे मुलाम्याच्या कारखान्यात त्याच एककात मोजले जाते.