विद्येचें द्वार उघडणारे डॉ. आंबेडकर

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं केवळ त्यांच्या पदव्या मोजण्याकरितां नव्हेत. त्यांनीं कोणता जाच सोसला, व पुढील पिढीस तो सोसावा लागूं नये म्हणून काय केलें, हें ध्यानीं आलें म्हणजे वाचनाचें सार्थक होतें. या दृष्टीनें डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें चरित्र नांदेड व लातूरकडील विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासावें. कारण त्यांच्या कार्याचा एक मोठा भाग आपल्या मराठवाड्यांतच घडला, आणि त्यांच्या नांवाची कसोटीही येथेंच लागली.

भीमरावांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. वडील रामजी हे लष्करांत सुभेदार होते. सातारच्या शाळेंत भीमरावांस, अस्पृश्य मानलेल्या जातींतील म्हणून, इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. शिपायानें तोटी सोडली तरच पाणी मिळे. अशा मुलानें १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली, व १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनीं शिष्यवृत्ति देऊन १९१३ सालीं त्यांस न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत धाडिलें. पुढें लंडन येथें त्यांनीं डी. एस्सी. ही पदवी व बॅरिस्टरी संपादन केली.

एवढी विद्या पदरीं पडल्यावर स्वतःचें सुख पाहणें सोपें होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. ता. २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ते तेथील पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरांस मज्जाव नव्हता, तेथें माणसांस असावा हें त्यांस असह्य झालें. तथापि केवळ पाण्यानें माणूस उभा राहत नाहीं, त्यास विद्या पाहिजे, हें ते जाणून होते. म्हणून १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, व १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढिलें. निजामी राजवटींत मराठवाडा उच्च शिक्षणांत फार मागें राहिला होता. विद्यापीठ गांठावयाचें तर हैदराबादेस जावें लागे. हें जाणून त्यांनीं १९५० सालीं औरंगाबादेस कॉलेज उघडलें. त्यास पुढें मिलिंद महाविद्यालय हें नांव मिळालें. भिक्षूस प्रश्न विचारण्यास न लाजणाऱ्या एका प्राचीन राजाचें तें नांव आहे. कॉलेजचीं दारें सर्व जातींच्या मुलांस मोकळीं होतीं.

ता. ६ डिसेंबर १९५६ रोजीं डॉक्टरांचें निधन झालें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळानें ता. २७ जुलै १९७८ रोजीं केला, आणि मराठवाड्यांत आग भडकली. मराठवाडा हें नांव मुक्तिलढ्याची खूण असल्यानें तें बदलूं नये, असें कांहींचें म्हणणें होतें. आपल्या भूमीच्या नांवावर प्रेम करणें हा दोष नव्हे. परंतु त्या निमित्तानें गरिबांचीं घरें जाळणें हा निश्चितच दोष होता. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवीं पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठांत १९६२ सालीं जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णी विद्यार्थ्यास प्रवेश देण्यासाठीं सैन्य बोलवावें लागलें, व त्या दंगलींत दोघे जण प्राणांस मुकले. तेथें प्रवेशावरून, येथें नांवावरून. पण मूळ प्रश्न एकच, कीं विद्येचें घर कोणाचें?

सोळा वर्षें मोर्चे, सत्याग्रह व तुरुंगवास चालले. अखेर ता. १४ जानेवारी १९९४ रोजीं विद्यापीठाचें नांव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें झालें. दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. त्याच वर्षीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालें. नांदेड व लातूरचीं महाविद्यालयें त्यासच जोडलेलीं आहेत.

विद्यार्थी मित्रहो, विद्यापीठाच्या कमानीवर नांव कोरलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. आपल्या वर्गांत एखादा मुलगा एकटा बसत असेल, त्याच्या डब्यांतील घास घेण्यास कोणी कचरत असेल, तर साताऱ्याचें तें गोणपाट अद्याप उचललें गेलें नाहीं असें समजावें. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांस हें चरित्र सांगतांना पदव्यांआधीं त्या नळाची गोष्ट सांगावी. जो शेजारच्यास आपल्या बांकावर जागा देतो, त्यानेंच डॉ. आंबेडकरांचें चरित्र खरोखर वाचलें, असें आम्ही समजतों.