पदवी होती, हुशारी होती. तरी आइन्स्टाइनला दोन वर्षं पक्की नोकरी मिळत नव्हती

आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाला होता, असा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. निकालाच्या दिवसांत तर जास्तच. हा मेसेज खोटा आहे. आइन्स्टाइन गणितात कधीच नापास झाला नाही. सोळावं वर्ष लागेपर्यंत त्याने कॅल्क्युलस स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं.

त्याला खरा फटका बसला तो पदवी हातात आल्यावर. जुलै 1900 मध्ये शिक्षण संपलं आणि पहिली पक्की नोकरी लागली जून 1902 मध्ये. मधले तेवीस महिने अर्ज, नकार आणि त्याहून जास्त म्हणजे काहीच उत्तर न येणं, यातच गेले. पुढे ज्याचं नाव हुशारीला दुसरा शब्द म्हणून वापरलं जाऊ लागलं, त्या माणसाने हे दिवस कसे काढले?

चौघं पास, तिघांना नोकरी

आइन्स्टाइन स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला. गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक तयार करणारा हा विभाग होता. वर्ग अगदी छोटा. 1900 च्या शेवटच्या परीक्षेला पाच जण बसले आणि चौघं पास झाले. त्या चौघांत आइन्स्टाइनचा नंबर शेवटचा. सहापैकी सरासरी 4.91. पाचवी होती मिलेव्हा मारिच, त्याची मैत्रीण आणि पुढे बायको. ती या परीक्षेत नापास झाली.

पास झालेल्या बाकी तिघांना त्याच कॉलेजात प्राध्यापकांचे सहायक म्हणून लगेच जागा मिळाल्या. आइन्स्टाइनला मिळाली नाही.

यात त्याचाही हात होता. तासांना दांडी मारायची, घरी बसून आपल्याला आवडतील ती पुस्तकं वाचायची आणि परीक्षा जवळ आली की मित्राच्या वह्या घ्यायच्या, असा त्याचा खाक्या होता. प्रयोगशाळेच्या तासाला येत नाही म्हणून 1899 मध्ये त्याला कॉलेजकडून लेखी समज मिळाली होती. भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक हाइनरिश वेबर यांच्याशी तर त्याचं पार बिनसलं होतं. वेबर यांच्याकडे सहायकाची जागा निघाली, तेव्हा त्यांनी आइन्स्टाइनला बाजूला ठेवून यंत्र अभियांत्रिकीच्या दोन पोरांना घेतलं. गणिताचे प्राध्यापक हुरविट्झ यांच्याकडेही त्याने अर्ज केला, पण त्यांच्या सेमिनारला तो फारसा कधी बसलाच नव्हता. तिथेही दार बंद झालं.

त्या काळात विद्यापीठातली पहिली नोकरी प्राध्यापकाच्या शब्दावर मिळायची. तोच शब्द आइन्स्टाइनकडे नव्हता.

वडिलांनी गुपचूप लिहिलेलं पत्र

पदवी मिळाली आणि पैशांचा ओघही थांबला. शिकत असताना नातेवाइकांकडून त्याला महिन्याला 100 फ्रँक यायचे. त्यातले 20 तो स्विस नागरिकत्वाच्या फीसाठी बाजूला टाकायचा. आता ही मदत बंद झाली. वडील हेरमान यांचा विजेच्या उपकरणांचा धंदा एकदा म्युनिकमध्ये आणि एकदा इटलीत बुडाला होता. घरून काही मागावं अशी परिस्थिती नव्हती.

1901 च्या वसंतात आइन्स्टाइन मिलानला आई-वडिलांकडे राहत होता आणि तिथून युरोपभर पत्रं पाठवत होता. नुकताच त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला होता. त्याची प्रत जोडून त्याने लाइपझिगचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिलं आणि काही काम आहे का, म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. मग पत्ता लिहायचा राहिला असेल, असं निमित्त काढून दुसरं पत्र टाकलं. त्यालाही उत्तर नाही.

12 एप्रिलला त्याने हॉलंडमधल्या लायडनच्या कामेरलिंग ओनेस यांना पोस्टकार्ड पाठवलं. सोबत उत्तरासाठी कोरं कार्डही जोडलं होतं, म्हणजे समोरच्याला खर्च नको आणि त्रासही नको. ते उत्तराचं कार्ड कोरंच राहिलं. आज ते लायडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी, 13 एप्रिलला, वडील हेरमान यांनी एक पत्र लिहिलं. ते ओस्टवाल्ड यांनाच होतं आणि मुलाला याचा पत्ताही नव्हता. आपण अनोळखी माणूस आहोत, मुलाच्या भल्यासाठी लिहिण्याचं धाडस करतोय, असं सांगून त्यांनी मुलाची अवस्था मांडली. तो खचलाय, आपली गाडी रुळावरून घसरली असं त्याला वाटू लागलंय, आणि आपण गरीब आई-बापांवर ओझं होऊन बसलोय हे त्याला आतून खातंय. जमलं तर त्याला नोकरी द्या. ते जमत नसेल तर निदान निबंध वाचून धीराच्या चार ओळी लिहा, एवढीच त्यांची विनंती होती.

ओस्टवाल्ड यांच्याकडून या पत्राला काही उत्तर आल्याची नोंद नाही.

एवढे नकार आल्यावर माणूस कारणं शोधू लागतो. वेबर आपल्याबद्दल वाईट सांगत असणार, अशी आइन्स्टाइनची खात्री पटत चालली होती. जर्मन भाषक भागात ज्यू असण्याचाही तोटा होतो, हेही त्याला दिसत होतं, म्हणून इटलीत काही जमतंय का ते तो बघत होता. यातला अंदाज किती बरोबर होता, हे त्याला तेव्हा कळायला मार्ग नव्हता. न आलेल्या उत्तरात कारण लिहिलेलं नसतं.

मिळेल ते काम

एप्रिलच्या मध्यावर परिस्थिती थोडी हलली. विंटरथूर गावच्या तांत्रिक शाळेतले एक शिक्षक लष्करी सेवेसाठी जाणार होते. त्यांच्या जागी दोन महिने शिकवण्याचं काम आइन्स्टाइनला मिळालं. मे ते जुलै. सकाळी पाच-सहा तास शिकवूनही दुपारी डोकं ताजं राहतं आणि आपला अभ्यास होतो, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. शिकवणं आपल्याला जमतं, हेही तेव्हाच कळलं.

दोन महिने संपले आणि पुन्हा जैसे थे. एकदोन शाळांकडे अर्ज केले, तेही गेले. सप्टेंबरमध्ये शाफहाउझेनच्या एका खासगी शाळेत काम मिळालं. एका इंग्रज मुलाची परीक्षेची तयारी करून घ्यायची, राहायला-खायला शाळामालकाच्या घरी. तिथेही जेवणाच्या पैशांवरून मालकाशी वाजलं आणि काही महिन्यांत ते काम सुटलं. त्याच काळात त्याने पीएचडीचा प्रबंध झ्युरिक विद्यापीठात दिला होता. तो त्याला मागे घ्यावा लागला. फीचे 230 फ्रँक तेवढे परत मिळाले.

या सगळ्या काळात एक गोष्ट त्याने सोडली नाही. नोकरी असो वा नसो, भौतिकशास्त्राचं वाचन आणि लिखाण सुरू होतं. 1902 मध्येही त्याचे निबंध छापून येत होते. ते फार गाजले नाहीत. पण अर्ज करणं हेच आयुष्य होऊन बसलं नाही, ते या कामामुळे.

मिलेव्हाला मोजावी लागलेली किंमत

ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा मिलेव्हा गाळली जाते. 1901 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा परीक्षेला बसली, तेव्हा ती गरोदर होती. दुसऱ्यांदाही नापास झाली आणि तिचं करिअर तिथेच थांबलं. नोकरी नाही म्हणून लग्न नाही. शिवाय आइन्स्टाइनच्या घरचा या लग्नाला कडक विरोध होता. ती माहेरी गेली. 1902 च्या सुरुवातीला तिथे त्यांना मुलगी झाली, लीझर्ल. 1903 नंतर त्यांच्या पत्रांत या मुलीचा उल्लेख सापडत नाही. ती होती हेच जगाला कळलं 1980 च्या दशकात, जुनी पत्रं सापडल्यावर.

आइन्स्टाइनची दोन वर्षं गेली, पण त्याला पुढे सावरायला संधी मिळाली. त्याच बेकारीत मिलेव्हाने जे गमावलं, ते तिला परत मिळालं नाही.

मित्राच्या वडिलांचा शब्द

ज्याच्या वह्यांवर आइन्स्टाइन परीक्षा पास झाला, तो मित्र म्हणजे मार्सेल ग्रॉसमन. आइन्स्टाइन आपली अडचण मित्रांपासून लपवत नव्हता. एप्रिल 1901 मध्येच ग्रॉसमनने वडिलांच्या कानावर ही गोष्ट घातली. वडिलांची बर्नच्या पेटंट ऑफिसचे संचालक फ्रीडरिश हालर यांच्याशी ओळख होती. त्यांनी शब्द टाकला.

याला कुणी वशिला म्हणेल. पण बाकीच्या तिघांकडे प्राध्यापकाचा शब्द होता, तसा आइन्स्टाइनला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी शब्द मिळाला, असंही म्हणता येईल. शिवाय शब्दाने लगेच काम झालंच नाही. जाहिरात निघायलाच डिसेंबर उजाडला. 18 डिसेंबर 1901 रोजी त्याने अर्ज केला.

निकालाची वाट न बघता फेब्रुवारी 1902 मध्ये तो बर्नला जाऊन राहिला आणि तिथल्या स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली. गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेतल्या जातील, पहिला तास फुकट. ती वाचून मॉरिस सोलोविन नावाचा रोमानियन तरुण आला. शिकवणी बाजूला राहिली आणि दोघांच्या गप्पाच रंगू लागल्या. पुढे कोनराड हाबिश्त हा मित्र येऊन मिळाला. तिघांनी आपल्या अड्ड्याला थट्टेने ऑलिंपिया अकादमी असं भारदस्त नाव दिलं. खिशात पैसे नव्हते, पण ह्यूम, माख, पॉइन्कारे वाचून रात्री उशिरापर्यंत वाद घालायला जागा मिळाली. पुढच्या संशोधनाची बरीच मशागत या अड्ड्यावर झाली.

जून 1902 मध्ये पेटंट ऑफिसची ऑर्डर आली. अर्ज केला होता दुसऱ्या श्रेणीसाठी, मिळाली तिसरी. तीही तात्पुरती. पगार वर्षाला 3,500 फ्रँक. 23 जूनला तो रुजू झाला. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, लोकांनी पाठवलेल्या यंत्रांचे आराखडे तपासायचे.

ऑक्टोबरमध्ये वडील वारले. मुलगा कमवायला लागल्याचं त्यांना जेमतेम चार महिने बघायला मिळालं. जानेवारी 1903 मध्ये आइन्स्टाइन आणि मिलेव्हाचं लग्न झालं.

1905 नंतरही नकार

याच तिसऱ्या श्रेणीच्या टेबलावरून 1905 मध्ये चार निबंध बाहेर पडले. प्रकाशाचे कण, अणूंच्या अस्तित्वाचा पुरावा, सापेक्षता, आणि वस्तुमान-ऊर्जेचं नातं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पीएचडीही त्याच वर्षी पूर्ण झाली.

गोष्ट इथे संपायला हवी, असं वाटतं. पण 1907 मध्ये त्याने बर्न विद्यापीठात शिकवण्याची परवानगी मागितली, सोबत छापील निबंधांचा गठ्ठा जोडला, आणि नियमाप्रमाणे वेगळा प्रबंध दिला नाही म्हणून अर्ज परत आला. 1908 च्या सुरुवातीला झ्युरिकच्या एका शाळेत गणित शिक्षकाची जागा निघाली. 21 अर्ज आले. पहिल्या तिघांत सापेक्षता सिद्धांताच्या जनकाचं नाव नव्हतं.

त्याच वर्षी त्याने मुकाट वेगळा प्रबंध लिहून दिला आणि बर्नची परवानगी मिळवली. 1909 मध्ये झ्युरिक विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरच पेटंट ऑफिस सुटलं. बेकारी सुरू झाल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आइन्स्टाइनसारखी बुद्धी सगळ्यांकडे नसते, त्यामुळे नकार पचवणारा प्रत्येक जण पुढे आइन्स्टाइन होईल, असं ही गोष्ट सांगत नाही. ती सांगते ते इतकंच, की ज्यांनी त्याला नाकारलं त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याची लायकी मोजलीच नव्हती. कुणी पत्राला उत्तर दिलं नाही, कुणी जुना राग धरला, कुणी नियमावर बोट ठेवलं.

ओस्टवाल्ड यांचंच बघा. 1910 च्या नोबेलसाठी आइन्स्टाइनचं नाव सगळ्यात आधी सुचवलं ते त्यांनी. ज्या लायडनला कोरं कार्ड पडून राहिलं, तिथे 1920 मध्ये त्याला खास प्राध्यापक म्हणून बोलावलं गेलं. वेबर यांच्या पॉलिटेक्निकमध्ये तो 1912 मध्ये प्राध्यापक म्हणून परतला. तिथे सापेक्षतेच्या पुढच्या टप्प्यासाठी लागणारं गणित अडलं, तेव्हा तो मदतीला गेला तो पुन्हा वह्या देणाऱ्या ग्रॉसमनकडेच.