सरड्याच्या अंगचा ताप मोजणारा शास्त्रज्ञ

भर दुपारी वाळवंटातील सरड्याला किती तापमान सोसावे लागते? हवामान केंद्राच्या नोंदवहीत याचे उत्तर मिळत नाही. तेथे मोजली जाते ती जमिनीपासून चार-पाच फुटांवरील, सावलीतील हवा. सरडा मात्र तापलेल्या वाळूला पोट टेकून असतो आणि हातभर अंतरावरील झुडपाच्या सावलीत त्याला निराळेच जग मिळते. हा भेद ओळखून थर्मामीटर थेट प्राण्याच्या मुक्कामी नेणाऱ्या संशोधकांत अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रेमंड कोल्स यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

कोल्स यांचा जन्म 1896 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, मिशनरी कुटुंबात झाला. झुलू लोकांच्या सहवासात वाढलेल्या या मुलाला वन्यजीवांचे वेड लहानपणीच लागले. पुढे त्यांनी नाईल घोरपडीच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला. तो 1930 मध्ये प्रसिद्ध झाला. ही घोरपड वाळवीचे वारूळ फोडून त्यात अंडी घालते. वाळवी भगदाड बुजवते आणि अंड्यांना स्थिर ऊब व ओलावा लाभतो. प्राणी केवळ हवामान सोसत नाही, ते निवडतोही, याचे हे बोलके उदाहरण होते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक असताना कोल्स कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाकडे वळले. सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे, भोवतालच्या तापमानाचे निव्वळ गुलाम, असा त्या काळी समज होता. प्राण्याला पिंजऱ्यात कोंडून, ऊन-सावलीची निवड हिरावून घेतल्यास तसे दिसणे स्वाभाविकच. चार्ल्स बोगर्ट यांच्यासह कोल्स यांनी 1944 मध्ये वाळवंटी सरडे व सापांवरील विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. चपळाईने वावरणाऱ्या सरड्यांचे शरीर अनेकदा माणसाइतके किंवा त्याहून गरम असते आणि ऊन, सावली व बीळ यांत ये-जा करून ते आपले तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, असे त्यातून पुढे आले. सावली न मिळाल्यास हेच वाळवंटवासी जीव तापलेल्या वाळूवर थोड्याच वेळात दगावतात, हेही स्पष्ट झाले.

कोल्स यांचे प्रयोग कधी कधी गमतीदार वाटत. सरड्यांना त्यांनी चक्क मिंकच्या केसाळ कातड्याचे कोट चढवले. कोटातील सरडे अधिक उबदार होण्याऐवजी उन्हात तापेनासे झाले. कारण त्यांची उष्णता बाहेरून येते आणि कोट तिलाच अडवतो. त्यांचे सर्व तर्क टिकले नाहीत. उष्णतेमुळे वंध्यत्व येऊन डायनोसॉर नष्ट झाले, हा त्यांचा कयास आज स्वीकारला जात नाही.

कोल्स यांचे 1975 मध्ये निधन झाले. पुढच्या संशोधकांनी सरड्याच्या आकाराच्या पोकळ तांब्याच्या प्रतिकृती करून, त्यात तापमापक बसवून त्या रानोमाळ मांडल्या. मेक्सिकोतील 200 ठिकाणी 48 जातींच्या सरड्यांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार 1975 पासून 12 टक्के स्थानिक समूह नामशेष झाले होते. वाढत्या तापमानामुळे सरड्यांना सावलीत दडून राहावे लागते आणि भक्ष्य मिळवण्याचे तास घटतात, असे कारण अभ्यासकांनी मांडले. ऊन आणि सावली यांतील ज्या थोड्या अंतरावर कोल्स यांनी आयुष्यभर लक्ष ठेवले, त्यावरच या जीवांचे जगणे अवलंबून आहे.