प्लेगच्या साथीतली सोबत: सावित्रीबाई फुले

सालेकशाहून रुग्णाला गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात किंवा थेट नागपूरला हलवलं, की तुमच्यापुढे प्रश्न येतो: त्याच्याजवळ थांबणार कोण? अशा वेळी नात्यागोत्यात नसलेलं कुणी सोबतीला आलं, तर संकोचू नका. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे.

सावित्रीबाई फुले तुम्हाला १८४८ पासून मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका म्हणून माहीत असतील. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं होतं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्याने शहराबाहेर, हडपसरजवळ दवाखाना उघडला. प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं आणि धास्तीने लोक घरातला रुग्ण लपवत. सावित्रीबाई मात्र रुग्णांना स्वतः दवाखान्यात आणत, त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या एका मुलाला तर त्यांनी पाठीवरून आणलं. याच कामात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे कळलं १८९८ मध्ये. तुम्हाला मात्र आज आधीच विचारता येतं. आजार संसर्गजन्य आहे का, मास्क लागेल का, हे सोबतीला बसण्यापूर्वी वॉर्डातल्या सिस्टरना विचारून घ्या.