डॉ. पॉल ब्रोका : वाचेच्या स्थानाचे शोधक

आपण जिभेनें बोलतों, अशी सामान्य माणसाची समजूत असते. परंतु जीभ, ओठ व कंठ शाबूत असूनही मनुष्याची वाचा जाऊं शकते. कारण तिचें मूळ मेंदूंत आहे. ही गोष्ट पुराव्यानिशीं जगापुढें मांडणाऱ्या डॉ. पॉल ब्रोका यांचें अल्प चरित्र आम्ही येथें विद्यार्थ्यांस सादर करीत आहों.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजीं फ्रान्स देशांत, बोर्दो शहराच्या पूर्वेस असलेल्या सेंत-फ्वा-ला-ग्रांद या गांवीं एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. त्यांचे वडील वैद्य होते. वयाच्या सतराव्या वर्षीं पॉल पॅरिस येथें वैद्यक शिकूं लागले व पुढें नामांकित शस्त्रवैद्य झाले. इ. स. १८५९ मध्यें त्यांनीं पॅरिसची मानवशास्त्र-मंडळी स्थापन केली.

मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळीं कार्यें करितात कीं सर्व मेंदू एकजीवानें चालतो, हा वाद त्या काळीं पंडितांत माजला होता. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत बिसेत्र येथील रुग्णालयांत एक ५१ वर्षांचा रोगी ब्रोका यांच्या हातीं आला. कांहींही विचारलें तरी तो तां, तां एवढेंच उच्चारी; म्हणून लोक त्यास त्याच नांवानें हांक मारीत. परंतु त्याची समज गेली नव्हती. येथें किती वर्षें आहेस, असें विचारतां त्यानें पंजा चार वेळां उघडून वर एक बोट दाखविलें. तो खरोखरच तेथें २१ वर्षें होता!

१७ एप्रिल रोजीं तो वारला. दुसऱ्याच दिवशीं ब्रोका यांनीं त्याचा मेंदू मंडळीपुढें ठेविला. डाव्या बाजूच्या पुढील खंडांत मोठी इजा दिसत होती. त्याच वर्षीं ८४ वर्षांच्या दुसऱ्या एका रोग्याच्या मेंदूंत तेंच स्थान बिघडलेलें आढळलें. तरीही त्यांनीं घाई केली नाहीं. आणखी उदाहरणें गोळा करून, वाचा बहुधा मेंदूच्या डाव्या अर्धाच्या आधीन असते, असें त्यांनीं १८६५ मध्यें प्रतिपादिलें. वाचा गेलेल्या प्रौढास बालकाप्रमाणें पुनः शब्द शिकवितां येतील काय, याचाही त्यांनीं विचार केला. पुढें १८७४ मध्यें जर्मन वैद्य वेर्निके यांनीं भाषा समजण्याशीं संबंध असलेलें दुसरें स्थान दाखविलें. पॅरिसमध्यें जपून ठेविलेला तो पहिला मेंदू नव्या यंत्रांनीं तपासला असतां, इजा वरून दिसे त्याहून पुष्कळ खोल गेली होती, असें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें. भाषा एका ठिपक्यांत नसून अनेक भागांच्या सहकार्यांत आहे, असें आज शास्त्रज्ञ मानतात.

सत्याला धरून एक उणीवही सांगितली पाहिजे. कवट्या मोजून ब्रोका यांनीं मानववंशांची व स्त्रीपुरुषांची बुद्धीच्या बाबतींत उच्चनीच प्रतवारी लाविली. पुढील संशोधनानें ती निराधार ठरविली. रोग्यापुढें बसून जें त्यांनीं धीरानें पाहिलें तें टिकलें. पूर्वग्रह मनांत धरून जें मोजलें तें ढांसळलें.

१८८० मध्यें ते फ्रान्सचे आजन्म सिनेटर निवडले गेले, आणि त्याच वर्षीं ९ जुलै रोजीं, ५६ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. वर्गांत न बोलणारा मुलगा मंदबुद्धि असतो, असें समजणाऱ्यांनीं त्या उघडलेल्या पंजाची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.