रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम

उन्हाळ्यात आमच्या हिंडलग्यात सरबतासाठी सब्जा भिजत घालतात. घटकाभरात प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पाण्याने फुगलेले बुळबुळीत आवरण चढते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांना शास्त्रज्ञ 'हायड्रोजेल' म्हणतात. १८६४ साली हा शब्द योजणाऱ्या थॉमस ग्रॅहॅम यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रॅहॅम यांचा जन्म १८०५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एका सधन कारखानदाराच्या घरी झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचे चित्त मात्र रसायनशास्त्रात रमलेले. वडील इतके रुष्ट झाले की त्यांनी पैशांची मदत बंद केली. तरुण ग्रॅहॅम शिकवण्या करून पोट भरू लागले. या काळात आई व बहीण यांनीच त्यांना धीर दिला. वडिलांचा शब्द मोडणे त्यांना सोपे गेले असेल, असे आम्हांस वाटत नाही. पुढे १८३० मध्ये ग्लासगो येथे व १८३७ मध्ये लंडन येथे ते प्राध्यापक झाले.

१८५५ मध्ये त्यांच्यावर सरकारी टांकसाळीची जबाबदारी आली. एकेकाळी न्यूटन यांनी भूषविलेले हे पद. मान मोठा, पण त्या व्यापात काही वर्षे संशोधन मागे पडले. १८६१ साली त्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो मात्र अगदी साधा होता. खळ दिलेला पातळ कागद भिजवून त्यांनी पाण्यावर ठेवला आणि त्याच्या मधल्या खोलगट भागात साखर व डिंक यांचे मिश्रण ओतले. एका दिवसात बहुतेक साखर खालच्या पाण्यात उतरली. डिंक वरच राहिला. कागदाला छिद्रे नव्हती. खळीतील ओल्या पिष्टानेच साखरेला वाट दिली आणि डिंकाला अडविले! या क्रियेस त्यांनी 'डायलिसिस' हे नाव दिले. मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे तो शब्द आज घरोघरी ठाऊक आहे. स्वतः ग्रॅहॅम यांनीही मूत्रातील युरिया याच रीतीने वेगळा केला होता.

अशा जेलमध्ये औषध भरून ते शरीरात हवे तेथे सोडता येईल काय, यावर अलीकडे पुष्कळ काम होते. समुद्रशेवाळातील अल्जिनेटाचे जेल जठरातील आम्लात आकसते व औषध धरून ठेवते. पुढे आतड्यात आम्लता कमी होताच ते फुगते आणि औषध हळूहळू बाहेर पडते. घोंगडीला खळ देण्यासाठी जो चिंचोका वापरतात, त्याच्या गोंदावरही असे प्रयोग झाले आहेत.

ग्रॅहॅम १८६९ साली लंडनमध्ये निवर्तले. ते अविवाहित होते. त्या अखेरच्या वर्षीही त्यांचे प्रयोग चालूच होते. मात्र ते डिंकावर नव्हे, तर पॅलेडियम हा धातू हायड्रोजन वायू कसा शोषून घेतो, यावर.