ह्यूमसाहेबांचीं पांखरें

राष्ट्रसभेचे एक जनक म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु १८८५ सालीं मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत ७२ प्रतिनिधी जमले, त्यापूर्वींच हा गृहस्थ पक्षिशास्त्रांत विख्यात झालेला होता, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

ह्यूमसाहेबांचा जन्म १८२९ सालचा. १८४९ त ते हिंदुस्थानांत आले व पुढें इटाव्याचे कलेक्टर झाले. तेथें त्यांनीं मोफत शाळा उघडल्या. १८५७ च्या धामधुमींत त्यांचा पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. त्यांनीं तो पुन्हां आरंभिला.

एवढ्या अफाट देशांतील पांखरें एकट्याच्या डोळ्यांनीं पाहून होणारीं नव्हतीं. म्हणून त्यांनीं गांवोगांवच्या हौशी मंडळींशीं पत्रव्यवहार मांडला. कोणी पलटणींतले, कोणी जंगलखात्यांतले, कोणी मळेवाले. या कामाचें वेतन कोणासच नव्हतें. कोणता पक्षी कोठें व केव्हां दिसला, घरटें कोणत्या झाडावर केलें, अंडीं किती घातलीं, एवढें नीट लिहून कळवावयाचें. ही टिपणें छापण्यासाठीं १८७२ सालीं त्यांनीं 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे गळालेलीं पिसें, या नांवाचें नियतकालिक काढलें. रानोमाळ हिंडून पक्षी आणणारे देशी शिकारी मात्र बहुधा निनांवीच राहिले, ही खंत वाटते.

सरकारी नोकरी सुटल्यावर सिमल्यास आपल्या रॉथनी कॅसल या बंगल्यांत बसून हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा सांगोपांग ग्रंथ लिहावा, हा त्यांचा मनोदय होता. पण १८८४ च्या सुमारास ते परगांवाहून परतले, तों हस्तलिखितांचे गठ्ठे नोकरानें बाजारांत रद्दीच्या भावानें विकलेले! अनेक वर्षांचे श्रम पुड्या बांधण्यास गेले. तो घाव त्यांस भरून काढतां आला नाहीं. प्राणिहत्येचाही त्यांस वीट आला होता. ग्रंथाचा संकल्प सोडून १८८५ त त्यांनीं सुमारें ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. घरट्यां-अंड्यांविषयींचीं उरलेलीं टिपणें ओट्स यांच्या हवालीं केलीं, त्यांतून पुढें ग्रंथ झाला.

१८९४ त ते विलायतेस परतले; तेथें वनस्पतींचा नाद लागून १९१० त त्यांनीं लंडनला त्या विद्येची एक संस्था स्थापिली. १९१२ त त्यांचें निधन झालें.

त्यांनीं दिलेलीं पांखरें आतां इंग्लंडांत ट्रिंग येथें आहेत. त्यांच्या पायांस बांधलेल्या चिठ्ठ्यांवर गांव व तारीख अजून वाचतां येते.